लंगोट किती घ्यावेत आणि केव्हा? – कर्जत-खालापूरच्या हवामानातील एक व्यवहार्य विचार

बालरोगांच्या चिकित्सेत औषधाची मात्रा, अनुपान व पथ्य यांचा विचार आपण वैद्यमंडळी बारकाईने करतो. परंतु ज्या वस्त्राचा बालकाच्या त्वचेशी रात्रंदिवस संबंध येतो, त्या लंगोटाचा विचार मात्र घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांवर किंवा दुकानदारावर सोपवून मोकळे होतो. "लंगोट किती घ्यावेत? पुन्हा केव्हा घ्यावे लागतील?" हा प्रश्न प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर अनेक पालक विचारतात. तो वरवर बाजारहाटाचा वाटला तरी वस्तुतः आरोग्याचा आहे. प्रस्तुत लेखात कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील परिस्थिती समोर ठेवून त्याचे उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

या विषयाकडे आमचे लक्ष कसे वळले, ते प्रथम सांगणे इष्ट होईल. एका आषाढात दोन महिन्यांच्या बालकास गुदप्रदेशी व जांघेत लालसर पुरळ आल्यामुळे आमच्याकडे आणण्यात आले. आम्ही प्रक्षालनासाठी काढा व लावण्यासाठी घृत दिले. चार दिवस बरे वाटले आणि पुरळ पुन्हा उठले. दुसऱ्या खेपेस आम्ही मातेच्या आहाराची चौकशी करून तिच्यासाठी औषध योजले, तरीही फरक पडला नाही. तिसऱ्या खेपेस बालकाची आजी सहज बोलून गेली, "काय करणार, वाळतच नाहीत हो बाळोती." तेव्हा आम्ही प्रथमच विचारले की घरात बाळोती आहेत तरी किती. उत्तर मिळाले, बारा. दिवसाला पंधरा बदलावी लागणाऱ्या बालकासाठी बारा बाळोती आणि बाहेर संततधार! अर्धवट ओले वस्त्र चुलीजवळ शेकून पुन्हा त्याच त्वचेवर बांधले जात होते. दोष औषधाचा नव्हता. पहिल्याच भेटीत हा प्रश्न न विचारणाऱ्या आमचा होता. त्यानंतर घरात आणखी जुनी सुती वस्त्रे फाडून संख्या वाढविली गेली आणि त्याच काढ्याने व त्याच घृताने आठवड्याभरात त्वचा पूर्ववत झाली.

शास्त्राचा आधार

हा विषय आपल्या ग्रंथकारांना अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात कुमारागाराचे वर्णन करताना बालकाची शय्या, आस्तरण व प्रावरण ही मृदू, हलकी, स्वच्छ व सुगंधी असावीत असे सांगितले आहे. घाम, मळ, जंतू किंवा मूत्रपुरीष यांनी दूषित झालेली वस्त्रे वर्ज्य मानली आहेत. मात्र आचार्यांनी व्यवहारही जाणला आहे. दुसरी वस्त्रे मिळणे शक्य नसेल तर तीच उत्तम धुऊन, धूपन करून, शुद्ध व शुष्क झाल्यावर वापरावीत, अशी मुभा ते देतात. 'शुद्ध' आणि 'शुष्क' या दोन अटींपैकी पहिलीकडे आपल्या घराघरांतून लक्ष दिले जाते. दुसरी मात्र पावसाळ्यात हमखास दुर्लक्षित राहते. या लेखाचा सारा भर त्या दुसऱ्या अटीवर आहे.

सुश्रुतांनी निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये अहिपूतनेचे वर्णन केले आहे. मलमूत्राने लिप्त झालेला गुदप्रदेश न धुतल्याने, तसेच घामाने व स्नानाच्या अभावी रक्त व कफ दूषित होऊन कंडू उत्पन्न होते, खाजविल्याने फोड येतात व स्राव होतो, अशी संप्राप्ती त्यांनी दिली आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात बालामयप्रतिषेध अध्यायात वाग्भटांनीही मलाचा लेप व घाम हीच कारणे दिली आहेत.

आधुनिक वैद्यकाचे विवेचन याच्याशी जुळणारे आहे. ओलाव्याने त्वचेचा वरचा थर मऊ पडतो व घर्षणास बळी पडतो. मूत्र व मल एकत्र आले की त्वचेची आम्लता कमी होते आणि मलातील पाचक द्रव्ये अधिक तीव्रतेने त्वचेवर कार्य करू लागतात. त्यावर बुरशीचा संसर्ग झाल्यास जांघेच्या घड्या लालभडक होतात व कडेला सुटे ठिपके उमटतात. दोन्ही शास्त्रांचा निष्कर्ष एकच : ओले व मलयुक्त वस्त्र त्वचेजवळ राहण्याचा काळ कमी करणे हीच मुख्य चिकित्सा. तो काळ कमी करायचा तर हाताशी कोरडे वस्त्र हवे, आणि कोरडे वस्त्र हवे तर त्यांची संख्या पुरेशी हवी.

संख्येचे गणित

लंगोटांची संख्या तीन गोष्टींवर अवलंबून असते : दिवसाला किती लागतात, धुतलेले वस्त्र पूर्ण वाळून घडीत परत येण्यास किती दिवस लागतात, आणि अडीअडचणीसाठी राखीव किती ठेवायचे. यांपैकी पहिली गोष्ट बालकाच्या वयावर ठरते व ती सर्वत्र सारखीच असते. दुसरी मात्र गावागणिक व ऋतूगणिक बदलते. म्हणूनच शहरातील पुस्तकात छापलेला आकडा येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. जवळच्या माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि खालच्या खोऱ्यांतही जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता क्वचितच उतरते. उलट मार्च ते मे या काळात याच तालुक्यांतील अनेक वाड्यांवर विहिरी आटतात व पाणी डोक्यावरून आणावे लागते. म्हणजे पावसाळ्यात पाणी मुबलक पण ऊन नाही, आणि उन्हाळ्यात ऊन मुबलक पण पाणी नाही. दोन्ही ऋतूंत बालकाच्या लंगोटावरच संकट येते, फक्त कारण बदलते.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकपदरी सुती लंगोट वापरल्यास दिवसाकाठी साधारण १५ लागतात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात सकाळी धुतलेले वस्त्र सायंकाळपर्यंत वाळते. एक दिवसाचे वापरात व एक दिवसाचे धुण्या-वाळण्यात धरले, तर ३० आणि राखीव ६, असे एकूण ३६ म्हणजे तीन डझन पुरतात. पावसाळ्यात वाळण्यास दोन दिवस लागतात असे धरले तर १५ च्या तिप्पट ४५ व राखीव ९, एकूण ५४ म्हणजे साडेचार डझन लागतात.

चौथ्या महिन्यानंतर मूत्रप्रवृत्तीची वारंवारिता घटते, मात्र एका वेळचे प्रमाण वाढते. दिवसाला १० धरल्यास कोरड्या ऋतूत दोन डझन व पावसाळ्यात तीन डझन पुरतात. पण वस्त्र आकाराने मोठे व दुपदरी हवे. वर्षानंतर दिवसाला ६ ते ७ लागतात. तेव्हा कोरड्या ऋतूत दीड डझन व पावसाळ्यात दोन डझन, एवढ्यावर भागते. हे आकडे ढोबळ आहेत. अतिसार झाल्यास एका दिवसात दुप्पटही लागतील. राखीव साठा त्यासाठीच असतो.

खरेदी केव्हा व किती वेळा

वरील हिशेबावरून असे दिसेल की सर्व लंगोट एकदम घेण्यात अर्थ नाही आणि महिन्या-महिन्याला घेण्याचीही आवश्यकता नाही. सर्वसाधारणपणे तीन वेळा खरेदी करावी लागते : पहिली प्रसूतीपूर्वी, दुसरी चौथ्या महिन्याच्या सुमारास आकार वाढल्यावर, आणि तिसरी वर्षाच्या आगेमागे जीर्ण वस्त्रांच्या जागी. यांत भर घालणारी एक चौथी वेळ आपल्या भागापुरती लक्षात ठेवावी, ती म्हणजे मृग नक्षत्रापूर्वीची. बालकाचे वय काहीही असो, पाऊस सुरू होण्यापूर्वी साठा सुमारे दीडपट करून ठेवावा. जूनमध्ये जन्मणाऱ्या बालकाच्या घरी पहिलीच तयारी साडेचार डझनांची हवी. नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्या बालकाचे मात्र तीन डझनांवर भागते, कारण पावसाळा येईतो ते सात महिन्यांचे झालेले असते.

येथे एक अडचण येते. बाळाच्या जन्मापूर्वी त्याच्यासाठी नवे काही आणू नये, अशी समजूत आपल्याकडे अनेक घरांत आहे. ती मोडा असे सांगत बसण्यापेक्षा, घरातील जुनी सुती लुगडी व धोतरे आठव्या महिन्यातच धुऊन, कापून ठेवावीत असे आम्ही सुचवितो. त्यात नवे काही आणले असे होत नाही आणि कामही साधते. तसेच बारशाला येणारे आप्त जरीची, नायलॉनची झबली-टोपरी आणतात, ती एकदाही अंगाला लागत नाहीत. त्याऐवजी एक डझन सुती लंगोट आणावेत, असे सुचविण्यात संकोच करू नये.

वस्त्र कोणते असावे

सुश्रुतांनी बालकास क्षौम वस्त्रात गुंडाळण्यास सांगितले आहे. आज त्याचे काम मऊ सूत करते. जुन्या काळी आजीच्या नऊवारीतून ही गरज परस्पर भागत असे. सुमारे सव्वाआठ मीटर लांबीच्या एका लुगड्यातून हात-सव्वा हाताचे चौकोन काढल्यास, विरलेला भाग व काठ सोडूनही, साधारण दोन डझन बाळोती निघतात. परंतु आता घराघरांतून जुन्या म्हणून ज्या साड्या निघतात, त्यांतील पुष्कळशा कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या मऊ लागतात, लवकर वाळतात, पण मूत्र शोषून घेत नाहीत. बालक ओल्यातच राहते व आईला मात्र वस्त्र कोरडे भासते. फुकटचा साठा असा आटल्यामुळेच खरेदीचा प्रश्न आजच्या पालकांपुढे उभा राहिला आहे.

सुताची परीक्षा सोपी आहे. वस्त्रावर पाण्याचा थेंब टाकावा; तो लगेच पसरून जिरला तर वस्त्र योग्य. कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. नवे मलमल घ्यायचे असल्यास एक मीटर पन्ह्याच्या नऊ मीटर कापडात अर्ध्या मीटरचे तीन डझन चौकोन बसतात. नव्या कापडातील खळ निघून जावी म्हणून ते तीन-चार वेळा गरम पाण्यात धुऊन मगच वापरावे.

बाजारात मिळणारे शिवलेले, आत जाड पट्टी घालण्याचे कापडी डायपर दिवसाला सात-आठ पुरतात व दिसायला नीटनेटके असतात. खोपोली वा रसायनी येथील सदनिकांत राहणाऱ्या नोकरदार पालकांना ते सोयीचे वाटतात, हे स्वाभाविक आहे. परंतु ती जाड पट्टी पावसाळ्यात आतून वाळण्यास दोन-तीन दिवस घेते. वरून हात लावून कोरडी वाटली तरी मधला पदर दमट असतो. असे डायपर घेणाऱ्यांनी पट्टी सुटी निघणारी व उलगडून वाळत घालता येणारी आहे ना, हे आवर्जून पाहावे. आमच्या मते येथील चार महिन्यांत साधे एकपदरी वस्त्र व घड्या घालून वाढविलेली जाडी, हीच पद्धत अधिक भरवशाची ठरते.

वापरून फेकण्याचे डायपर सर्वस्वी त्याज्य आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. प्रवासात, लोकलने मुंबईस जाताना, किंवा सूर्यदर्शन न झालेल्या आठवड्यात रात्रीपुरते ते उपयोगी पडतात. मात्र ते तीन-चार तासांनी, व शौच झाल्यास तत्काळ, बदलले पाहिजेत. वापरलेले डायपर उल्हास वा पाताळगंगेच्या पात्रात टाकणे किंवा चुलीत जाळणे, हे दोन्ही टाळावे.

धुणे, वाळविणे व धूपन

मल प्रथम काढून टाकून वस्त्र गार पाण्यात खळबळावे, नंतर साबण व गरम पाण्याने धुवावे आणि साबणाचा अंश राहणार नाही असे दोन-तीन पाण्यांतून काढावे. पाण्याची टंचाई असल्यास शेवटच्या धुण्याचे पाणी राखून दुसऱ्या दिवशी पहिल्या खळबळण्यास वापरावे. केवळ मूत्राने भिजलेले वस्त्र न धुता उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याची प्रथा उन्हाळ्यात व वीटभट्ट्यांवर स्थलांतरित झालेल्या कातकरी कुटुंबांत दिसते. तेथे पाण्याची ने-आण किती कष्टाची आहे, हे जाणूनच बोलावे. दोष देण्यापेक्षा निदान एका पाण्यातून काढण्याचे सुचविणे व संख्या वाढविण्यास मदत करणे अधिक उपयोगी ठरते. कपडे सुगंधी व मऊ करणाऱ्या द्रवांनी वस्त्राची शोषणशक्ती घटते, म्हणून ते वापरू नयेत.

दिवेलागणीनंतर बाळोती बाहेर ठेवू नयेत, असे आपल्या आजीबाई सांगत आल्या. त्यामागचे कारण त्या काहीही देवोत, सायंकाळच्या दवाने वाळलेले वस्त्र पुन्हा दमट होते हे खरेच आहे. पावसाळ्यात घरातील वलणीवर वस्त्रे एकावर एक न टाकता सुटी पसरावीत व घडी घालण्यापूर्वी गरम इस्त्री फिरवावी.

शेगडीवर बांबूचे टोपले पालथे घालून त्यावर बाळोती पसरून धुरी देण्याची पद्धत आजही अनेक घरांत आहे. काश्यपसंहितेत धूपनाचा स्वतंत्र कल्प आहे व चरकांनीही वस्त्रांच्या धूपनासाठी जव, सर्षप, अतसी, हिंग, गुग्गुळ, वचा इत्यादी द्रव्ये सघृत सांगितली आहेत. पण तेथे धूपन वस्त्रांचे सांगितले आहे, हे विसरू नये. बंद खोलीत बालक व बाळंतीण असताना शेगडी पेटती ठेवल्यास धुराने श्वासास अपाय होतो व विषारी वायूने प्राणावर बेतू शकते. धुरी दुसऱ्या हवेशीर जागी द्यावी, आणि ती वाळलेल्या वस्त्रास द्यावी. वाळविण्याचा पर्याय म्हणून नव्हे.

औषधालयचालकांसाठी

एक गोष्ट आम्ही विशेष आग्रहाने सांगू इच्छितो. जुनी लुगडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली असतात. 'जी-सिक्स-पी-डी' या द्रव्याची जन्मजात न्यूनता असलेल्या नवजात बालकास अशा कपड्यांच्या संसर्गाने रक्तकण फुटून तीव्र कामला होऊ शकते व मेंदूस कायमची इजा पोहोचू शकते. ही न्यूनता देशातील काही समाजांत, आदिवासी जमातींसह, अधिक आढळते आणि बालक जन्मल्याबरोबर ती कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांसाठी डांबरगोळी विकू नये व मागितल्यास कारण समजावून सांगावे. वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवता येतात. गोळ्यांत राहिलेली वस्त्रे अनेकदा धुऊन, बरेच दिवस उन्हावाऱ्यात ठेवून वास पूर्णपणे गेल्यावाचून बालकास वापरू नयेत.

टंकण अथवा बोरिक पावडर फाटलेल्या त्वचेवर लावू नये. ती शोषली जाऊन तान्ह्या मुलांना विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. सुगंधी पावडरीचा धुराळा श्वासातून आत जातो, म्हणून तीही टाळावी. जात्यादी तेलात तुत्थ असते, हे ध्यानात ठेवून ते नवजातास स्वतःहून देऊ नये. सौम्य पुरळास त्रिफळ्याच्या कोमट काढ्याने हळुवार प्रक्षालन, मऊ कापडाने पूर्ण टिपणे, थोडा वेळ उघडे ठेवणे व शतधौत घृताचा पातळ लेप, एवढे पुरते. तीन दिवसांत उतार न पडल्यास, घड्या लालभडक होऊन ठिपके उमटल्यास, पू, मोठे फोड वा ज्वर असल्यास बालकास विनाविलंब बालरोगतज्ज्ञांकडे वा शासकीय रुग्णालयात पाठवावे.

लंगोट मागणाऱ्या पालकास दुकानदारांनी तीन प्रश्न विचारावेत : बाळ कोणत्या महिन्यात जन्मणार वा जन्मले, घरी कपडे वाळायला किती दिवस लागतात, आणि जुने सुती कापड किती आहे. या उत्तरांवरून योग्य संख्या सांगता येते, आणि कित्येकदा ती ग्राहकाने मागितलेल्या संख्येपेक्षा कमीही निघते. अशा वेळी कमीच द्यावेत. असा ग्राहक पुन्हा आपल्याकडेच येतो.

केव्हा टाकून द्यावेत

पाण्याचा थेंब जिरत नाही, धुऊनही भिजताच उग्र वास येतो, कापड खरखरीत झाले आहे किंवा उजेडात धरल्यास जाळीसारखे दिसते, ही जीर्णतेची लक्षणे होत. विरलेल्या वस्त्राचा सुटलेला धागा बालकाच्या बोटास वा शिश्नास वेढा घालून रक्तप्रवाह अडवू शकतो. म्हणून कडा दुमडून शिवाव्यात व प्रत्येक वेळी पाहून बांधावे. नाळ गळेपर्यंत लंगोटाची वरची कड नाभीच्या खाली राहील असे पाहावे.

समारोप

शेवटी एका लाभाकडे लक्ष वेधून लेख पुरा करतो. कापडी लंगोट प्रत्येक वेळी बदलावा लागतो, म्हणून मोजता येतो. पाचव्या दिवसानंतर केवळ मातेच्या दुधावर असलेल्या बालकाचे दिवसरात्रीत किमान सहा लंगोट चांगले ओले झाले पाहिजेत. त्याहून कमी होत असतील तर दूध पुरेसे मिळत नसल्याचा तो पहिला इशारा असू शकतो. वापरून फेकण्याच्या डायपरमध्ये हा इशारा सहजी कळत नाही. तेव्हा "बाळाचे लंगोट किती?" या प्रश्नात दोन प्रश्न आहेत : घरात किती आहेत आणि दिवसाला किती ओले होतात. तान्ह्या बालकाच्या प्रत्येक भेटीत, नाडी व जिव्हा पाहण्याबरोबरच हे दोन्ही प्रश्न विचारण्याचा परिपाठ आपण सर्वांनी ठेवावा, अशी आमची विनंती आहे. आम्ही तो तिसऱ्या खेपेस शिकलो. वाचकांनी पहिल्याच खेपेस विचारावा.